रघूच्या पोटाचं माप

नवी नाचणी भाजायला घेतली की आधी गोडसर वास येतो, मग जरा करपट, आणि मग तो सगळ्या वाडीभर पसरतो. आज सकाळी तो आला आणि मशीनवरचा माझा पाय थांबला. बाही अर्धी शिवून झालेली, सुई कापडात रुतलेली, आणि मी खुळ्यासारखी खिडकीकडे बघत बसलेली. समोर चोळी न्यायला आलेली बाई उभी होती. ती म्हणाली, "अक्का, काय झालां गो?" तिला काय सांगणार, कपाळ? म्हटलं, दोरा तुटला. दोरा धडधाकट होता.

दरवर्षी असंच होतं. आश्विन सरत आला, डोंगरउतारावरची नाचणी कापून घरोघरी आली, की माझं डोकं बारा वर्षं मागे जातं आणि एकाच प्रश्नापाशी फतकल मारून बसतं. सहा महिन्यांच्या पोराला भरवायचं किती? मी शिवणकाम करणारी बाई. रस्त्यानं जाणाऱ्या बाईकडे नुसतं बघून तिच्या चोळीला किती कापड लागेल ते सांगते, आणि सहसा चुकत नाही. पण वीतभर पोराच्या पोटात किती मावतं, ते मला तेव्हा कळलं नाही. आता कळलंय म्हणावं, तर छातीवर हात ठेवून तसंही म्हणवत नाही.

पोर माझं नव्हतं. माझ्या धाकट्या भावाचं, रघू. भाऊ मुंबईला गोदीत कामाला. इथे घरी माझी आई, भावाची बायको शालन आणि मी. लग्न होऊन दुसऱ्याच वर्षी नवरा तापानं गेला, तेव्हापासून मी माहेरी. भावानं मुंबईहून मशीन आणून दिलं आणि मी लोकांची अंगं मोजत राहिले. मूलबाळ नाही, त्याचं दुःख करायला सवडही नव्हती. बायका समोर गोड बोलायच्या, चोळी घट्ट झाली की मात्र मागं म्हणायच्या, तिका काय म्हायती, पोरां झाल्यार अंग कसां सुटतां ता!

त्या वर्षी गणपती गेले आणि शालनचा खोकला जाईना. छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, घाटावरच्या दवाखान्यात चार महिने तरी राहावं लागेल, आणि पोराला आजपासून अंगावर पाजायचं नाही, जवळही घ्यायचं नाही. शालन वीस वर्षांची. दारातल्या माडाला टेकून उभी होती, पदर तोंडाला लावलेला. रघू माझ्या कडेवर. तिचे हात दोनदा पुढे आले आणि दोनदा मागे गेले. मग लांबूनच ती मला म्हणाली, "वन्सं, मी येयसर तेका असोच ठेवा." मी परत येईपर्यंत याला असाच ठेवा, एवढंच. बाकी सामान, कपडे, देवाचं, कशाबद्दल एक शब्द नाही. मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

रघू तेव्हा गुबगुबीत होता. दंडावर दोरा बांधल्यासारखी वळी. आई गेली तसा तो तोंड वेंगाडून रडायला लागला, आणि संध्याकाळपर्यंत थांबला नाही.

आता खरी गंमत ऐका. गंमत कसली, माझा जीव जायची वेळ आली होती. रघूला सहावा महिना लागायला अकरा दिवस बाकी होते. मुलग्याचं उष्टावण सहाव्यात, त्याआधी अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, यावर आई ठाम. बरं, शेजारच्या गाईचं दूध मिळायचं ते पेलाभर, तेही कच्च्या पोटाला जड म्हणून निम्मं पाणी घालून. एवढ्यावर अकरा दिवस कसे काढायचे? तेव्हा आईनंच वाट काढली. सकाळची पेज शिजली की वर जे निवळ पाणी येतं ते ओतून घ्यायचं, त्यात मिठाचा कण टाकायचा आणि शिंपल्यानं पाजायचं. "निवळ म्हणजे काय जेवाण? पाणी ता. पाण्याक उष्टावण लागना नाय," आई म्हणाली. देवाला फसवलं नाही आणि पोरही उपाशी नाही. मला तेव्हा आईच्या डोक्याचं कौतुक वाटलं होतं, खरंच सांगते.

आणि रघू प्यायचा हो ते! घळाघळा प्यायचा. किनाऱ्यावरून घासूनपुसून आणलेला तो शिंपला ओठाला लावला की दोन्ही मुठी आवळायचा, पाय झाडायचा. दहा शिंपले, बारा शिंपले. पोट टम्म व्हायचं. आई त्यावर बोटानं टिचकी मारायची आणि माझ्याकडे विजयानं बघायची. तासाभरात तो परत रडायला लागला की म्हणायची, आवशीची आठवण येता तेका. मीही तेच धरून चालले. रडतंय ते भुकेनं की आठवणीनं, हे ओळखायचं कसं? दोन्हीला आवाज एकच.

अकरा दिवस झाले, उष्टावणही झालं. मामानं मांडीवर घेऊन खिरीचं बोट चाटवलं, सगळं रीतसर. पण निवळ तशीच चालू राहिली. अंगाला लागली आहे, पचते आहे, मग कशाला बदला, असं आईचं म्हणणं. मला काही वेगळं ठाऊक नव्हतं. मी माझ्या मापांच्या वहीत, सोमवारच्या गिऱ्हाइकांच्या छाती-कंबर-बाहीच्या खाली, पेन्सिलीनं लिहायला सुरुवात केली. रघू. पोट सोळा. दंड साडेपाच. वेडेपणाच होता, पण माझ्याकडे दुसरं होतं काय? टेप होती. ती त्याच्या दंडाभोवती गुंडाळायची आणि तो टेपचं पितळी टोक तोंडात घालायचा.

पंधरा दिवसांनी पोट साडेसोळा झालं, आणि दंड पाचाला आला. मी टेप तीनतीनदा लावून बघितली. टेप सैल झाली असेल म्हणून स्वतःच्या मनगटाला लावून बघितली. माझं मनगट होतं तेवढंच होतं. पोट वाढतंय म्हणजे पोर वाढतंय, आणि दंड उतरतोय म्हणजे पोर वाळतंय. मग रघू वाढतोय की वाळतोय? कुणाला विचारू? आईला विचारलं तर ती म्हणाली, "पोट बघ, कसां झालां. दंड काय बघतंस? तेका काय आता नांगर धरूचो आसा?" मला हसू आलं, आणि रात्री मी परत टेप काढली.

शालनची पत्रं यायची. चौथी शिकलेली, मोठ्या मोठ्या अक्षरांत चार ओळी. तिथे दूध-अंडी देतात, तीन इंजेक्शनं झाली, खोकला कमी आहे. आणि शेवटी, प्रत्येक पत्रात, रघू किती खातो? मी मशीनवर बसून उत्तर लिहायची. किती लिहू? बारा शिंपले लिहावं तर तिला त्यातलं काय समजणार. दंड पाच इंच लिहावं तर ती तिथून पळत येईल. शेवटी मी लिहायची, "पोटभर." हा शब्द मी तेव्हा किती वेळा लिहिला असेन! खोटा होता असंही नाही. पोट भरलेलं होतंच की.

एक दिवस रघूला घेऊन गावच्या दवाखान्यात गेले. तिथली नर्स बाहेरगावची, शुद्ध बोलणारी. मीही तिच्यासमोर शुद्ध बोलायला लागले, आणि निम्मं सांगायचं राहूनच गेलं. तिनं विचारलं, "काय देता?" म्हटलं, "पेजेचं पाणी, दूध." ती म्हणाली, "नुसतं पाणी? अहो बाई, घट्टसर द्या. चार-पाच चमचे, दिवसातून तीनदा. हळूहळू वाढवा." मी विचारलं, चमचा केवढा? तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं काही विचारलंच नाही. "चमचा म्हणजे चमचा. चहाचा." आमच्या घरी चहा गूळ घालूनच उकळायचा, ढवळायला चमचा कशाला लागतोय? डाव होता, नारळाच्या करवंटीची डवली होती, आणि शिंपले होते, लहान-मोठे. घरी येऊन मी चार शिंपले मांडले आणि एकेकात पाणी भरून बघत बसले, यातला चहाचा चमचा कोणता. आई चुलीपाशी बसून बघत होती. "कामां नायत गो तुका?" म्हणाली.

आणि आधीच बारा शिंपले पिणाऱ्या पोराला आता चार-पाचच द्यायचे? म्हणजे कमी करायचं? नर्सबाई वाढवा म्हणाली, आणि तिचा आकडा तर माझ्यापेक्षा लहान. मला काहीएक कळेना. घट्टसर, हा तिच्या बोलण्यातला खरा शब्द होता, पण मी आकडा धरून बसले. मापात वाढलेली बाई ना, आकडा दिसला की दुसरं काही ऐकूच येत नाही.

शेवटी गंगाकाकीनं सोडवलं. गंगाकाकी आमची शेजारीण, मासे विकणारी. पहाटे किनाऱ्यावर होडी लागली की पाटी भरायची आणि थेट कुणकेश्वरापर्यंत दारोदार जायची. तराजू कधी बाळगला नाही. मासा हातावर घेतला की वजन सांगायची. त्या दिवशी उतरत्या उन्हात रिकामी पाटी घेऊन परत आली, रघू ओटीवर किरकिरत होता. "हाड हयसर," म्हणाली आणि त्याला उचललं. एका हातावर घेतला, जरा वर-खाली केला. मग दुसऱ्या हातावर घेतला. तोपर्यंत रघूनं तिचं बोट तोंडात घातलं होतं आणि मिटक्या मारत चोखत होता. माशाचं बोट! आई आतून ओरडली, "अगे, हात तरी धुवक व्हये होते!" गंगाकाकीनं लक्षच दिलं नाही.

"ह्यां वजन न्हय गो," ती मला म्हणाली. "पाणी ता. मिठात घातलेलो बांगडो हाताक असोच जड लागता. सुकलो काय मगे कळता, होतो केदो तो."

सुकल्यावर कळतं, मासा होता केवढा. मी रघूचा दंड चाचपला आणि विचारलं, मग काय देऊ? तिनं बोट रघूच्या तोंडातून काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "घट दी. बोट घातलां तर बोटाक चिकटाक व्हयां. नाचणी आयली मा नवी? तीच दी."

"पण किती दिऊ?"

"तोंड फिरयसर," गंगाकाकी म्हणाली, पाटी उचलली आणि गेली. तोंड फिरवेपर्यंत. एवढं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि इतके दिवस आपल्याला सुचलं कसं नाही, याचा संताप आला.

तो संताप निघाला आईवर. मी सरळ चुलीपाशी गेले आणि निवळीचं भांडं उचलून परसात ओतलं. म्हटलं, उद्यापासून घट्ट. आई म्हणाली, "सात पोरांचां केलंय मी. माका शिकयतंस?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सातातली चार खंय गेली मगे?"

असं बोलू नये. जगात काही बोललं तरी चालेल, पण आईला हे बोलू नये. मी जीभ चावली, पण शब्द काय परत येतात? आईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं, पुढे सारलं, परत मागे ओढलं. माझी ती चार भावंडं, मी त्यांची नावंसुद्धा धड ऐकली नव्हती. घरात कुणी काढायचंच नाही. ती पेजेच्या पाण्यानं गेली, की तापानं, की आणखी कशानं, हे तिला तरी कुठे ठाऊक होतं? तीसुद्धा अशीच कुणाचं तरी ऐकून, कुणाला तरी विचारून, टिचक्या मारून बघत राहिली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर जात्याची घरघर ऐकू आली. आई नाचणी दळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "वस्त्रगाळ करूक व्हयी. नायतर टरफल घशाक लागतलां." मी तिला माझी सगळ्यात मऊ मलमल फाडून दिली.

सगळं लगेच सरळ झालं म्हणाल, तर नाव नको. पहिल्या दिवशी रघूनं बोटाला चिकटणारी ती नाचणी जिभेनं बाहेर ढकलली. हनुवटीवर, गळ्यावर, माझ्या लुगड्यावर. दुसऱ्या दिवशी खाल्ली आणि मग दोन दिवस त्याला शौचाला झालं नाही. पोट दगड. मी घाबरून परत पातळ केली. मग जुलाब झाले, तेव्हा परत घट्ट केली. नाचणीत गूळ घालू की मीठ? दूध त्यात घालू की वेगळं देऊ? सकाळी घट्ट, संध्याकाळी पातळ, मध्ये केळ्याचा तुकडा, मग केळ्यानं सर्दी होते असं कुणी सांगितलं म्हणून ते बंद. विचारावं तिथे दुसरंच काही ऐकायला मिळे. मी सगळ्यांचं ऐकत होते आणि रात्री वहीत आकडा लिहीत होते. दंड पाच. पाच. पाच आणि एक सूत. ज्या दिवशी ते एक सूत, इंचाचा आठवा भाग, चढलं, त्या दिवशी मी बाहेर जाऊन गंगाकाकीला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, "सूत म्हणजे काय गो?" आणि हसली.

तोंड फिरवेपर्यंत, हा नियम मात्र मी घट्ट धरला. वाटी घेऊन बसायची, भरवायची, वाटी संपत आली की रघू मान वळवायचा, कावळ्याकडे नाहीतर माडाकडे बघायचा. झालं. शिंपला धुतला, तोंड पुसलं, आईच्या मांडीवर दिला आणि मी मशीनवर. तुळशीची लग्नं तोंडावर आली होती, शिवायला कपडे एवढाले पडलेले. चार महिन्यांत त्याचा दंड साडेपाचाला परत आला. शालन त्याला सोडून गेली तेव्हा होता तेवढा. असाच ठेवा म्हणाली होती, तसाच ठेवला. मी स्वतःवर खूश होते. आता खोटं कशाला बोलू, चांगलीच खूश होते.

पौषात शालन आली. यष्टीतून उतरली तर मी ओळखलं नाही, गाल भरलेले, रंग उजळलेला. डॉक्टरांनी आता पोराला जवळ घ्यायला हरकत नाही म्हणून लिहून दिलं होतं. ती दारातच बसली आणि हात पुढे केले. या वेळी मागे घेतले नाहीत. रघूनं तिच्याकडे बघितलं, माझ्या खांद्यात तोंड खुपसलं आणि भोकाड पसरलं. मला काय वाटलं ते सांगते, लपवून काय करू? मला बरं वाटलं. एक क्षणभर, पण बरं वाटलं. मग तिचा चेहरा बघितला आणि माझी मलाच लाज वाटली.

दुपारी ती म्हणाली, "मी भरयतंय तेका. वन्सं, तुम्ही किती देतास?"

म्हटलं, वाटीभर. तोंड फिरवलं की बस. तिला वाटी दिली, शिंपला दिला. रघूनं पहिल्याच घासाला मान वळवली आणि मला शोधायला लागला. शालनचा हात तसाच हवेत राहिला. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सांगेन, भरलं त्याचं. त्याचं भरलं नव्हतं, ते मला दिसत होतं. मी समोर आहे तोवर तो तिच्या हातून खाणार नाही, हेही दिसत होतं. मी उठले. विहिरीवर जाते म्हटलं आणि परसात जाऊन उभी राहिले. आतून रडणं ऐकू येत होतं, मग हुंदके, मग शालनचं काहीतरी हळू हळू बोलणं. मग काहीच नाही. मी रिकामी कळशी घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे.

परत आले तर शालन हसत होती. गालांवर पाणी आणि हसत होती. "दोन वाट्ये खाल्ल्यान, वन्सं! आईकडसून आणखी मागून घेतलंय."

"दोन?" म्हटलं. "तोंड नाय फिरयल्यान?"

"फिरयल्यान तर! धा वेळा. कावळ्याक बघता, माडाक बघता. मी आपली तेच्याशी बोलीत बसलंय. मगे आपसूक वळता आणि तोंड उघडता."

रघू तिच्या मांडीवर पडल्या पडल्या झोपला होता. नाचणी कानापर्यंत लागलेली, मुठी सुटलेल्या. इतका गाढ झोपलेला मी त्याला चार महिन्यांत पाहिला नव्हता. त्यानं मान वळवली की मी उठायची. मी कधी थांबून बघितलंच नाही, तो परत वळतो का. माझं मशीन थांबलेलं असायचं ना.

आनंद झाला मला, अगदी मनापासून झाला, आणि डोळेही वाहायला लागले. शालन म्हणाली, "वन्सं, रडतास कित्याक?" मी म्हटलं, "बरां झालां, खाल्ल्यान." तेही खरंच होतं. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला. माझं पोर जगवलंत म्हणाली. मी तिला थांबवलं नाही आणि काही सांगितलंही नाही.

आता रघू सातवीत आहे. ताडासारखा वाढलाय, शाळेतून आला की माझ्याच मागून स्वयंपाकघरात शिरतो. परवा जेवताना मी त्याला सहज विचारलं, "रे, ल्हान असताना तू माझ्याकडे होतंस, तेव्हा तुझां पोट भरायचां?" तो घास तोंडात ठेवूनच हसला. "माका काय आठावतां आत्ये!" म्हणाला आणि भात मागायला ताट पुढे केलं. खरंच आहे. ज्या एकट्याला ते ठाऊक होतं, त्याला तेव्हा बोलता येत नव्हतं. आणि आता बोलता येतंय, तर त्याला आठवत नाही.